पांजरपोळ आणि परळ

मुंबईत पशुवैद्यकाचे रीतसर शिक्षण 1886 साली परळला सुरू झाले. बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयाला जोडून बॉम्बे व्हेटरिनरी कॉलेज उघडले आणि जॉन हेन्री स्टील त्याचे पहिले प्राचार्य झाले. रुग्णालयामागे गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट यांचा दानधर्म होता. धर्मादायाच्या आश्रयाने आलेल्या या विद्येने धर्मालाच पेचात टाकले. मुक्या जनावरावर दया करायची म्हणजे त्याचा जीव राखायचा, की त्याच्या वेदना संपवायच्या?

शहराने याचे एक उत्तर अर्धशतकापूर्वीच दिले होते. 1832 मध्ये मोकाट कुत्री मारण्याची मोहीम निघाली तेव्हा पारशी रस्त्यावर उतरले. प्रेतावर कुत्र्याची नजर पाडण्याचा ‘सगदीद’ हा त्यांच्या अंत्यविधीचाच भाग. दंगल शमल्यावर 1834 मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने पांजरपोळ उभी राहिली. भाकड गाय, लंगडा बैल, बेवारशी कुत्रा, सगळ्यांना तिथे मरेपर्यंत आसरा. पारशी आणि जैन दाते एकत्र आले, पण त्यांची धर्मकारणे एक नव्हती. पारशांचा धर्मग्रंथ ‘वेंदिदाद’ कुत्र्याला छळणाऱ्याला कडक शिक्षा सांगतो, मात्र साप-विंचवांना दुष्ट सृष्टीत टाकून त्यांना मारणे पुण्याचे मानतो. जैनांना असा भेद मान्य नाही. गुजरातेतल्या काही पांजरपोळींत तर धान्यातल्या किड्यांसाठीही वेगळी खोली असे.

पशुवैद्याची अडचण वेगळी. ट्राम ओढणाऱ्या घोड्याची तंगडी मोडली, तर हाड जुळेपर्यंत त्याला माणसासारखे खाटेवर निजवून ठेवता येत नाही. सगळा भार उरलेल्या पायांवर येतो, त्यांच्या खुरांच्या आत दाह सुरू होतो. आडवा पडून राहिला तर अंगाला जखमा होतात. अशा वेळी गोळी घालणे हाच उपचार, असे हे शास्त्र सांगे. जैन विचार इथे अडतो. भोग ज्याचा त्यानेच भोगून संपवायचा, मारणाऱ्याला हिंसेचा दोष लागतोच. ऐकायला हे निष्ठुर वाटते, पण त्यातली एक शंका अगदी व्यवहारातली आहे. जनावराने मरण मागितलेले नसते. मारताना त्याचे दुःख संपवले जाते, की पाहणाऱ्याचे, की नुसता खर्च वाचवला जातो?

1928 मध्ये साबरमती आश्रमात हा वाद पेटला. उपचारांपलीकडे गेलेल्या वासराला महात्मा गांधींच्या संमतीने सुई देऊन मारण्यात आले. स्वार्थाने किंवा रागाने पीडा देणे ही हिंसा, वासराच्या यातना थांबवणे नव्हे, अशी त्यांची भूमिका. संतापलेल्यांची पत्रे बरेच दिवस येत राहिली. गांधींनी हेतूला कसोटी मानले खरे. पण हेतू तपासायचा कसा, हे त्यातून सुटत नाही.

1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने हेतूच्या भानगडीत न पडता जनावराच्या स्थितीकडे बोट दाखवले. तेराव्या कलमानुसार, क्रूरतेबद्दल मालक दोषी ठरला आणि जनावराला जिवंत ठेवणेच क्रूरपणाचे होईल अशी न्यायालयाची खात्री पटली, तर त्या जनावराला मारण्याचा आदेश देता येतो. रस्त्यात जायबंदी पडलेल्या जनावराबाबत पोलिसांनाही आधी पशुवैद्याला बोलवावे लागते आणि त्याचा दाखला घ्यावा लागतो.