कंदिलाची काच

आजीच्या कंदिलाची काच फुटली. आधी जळगावचं फुले मार्केट पालथं घातलं. मग कामानिमित्त धुळ्याला गेलो, तेव्हा पाचकंदीलला शोधलं. नावातच पाच कंदील, पण काच एकही नाही. दुकानदार काकांनी चार्जिंगचा दिवा पुढे केला. "काच आता कोणी मागत नाही, भाऊ."

म्हणजे मी कोणीच नाही? राग आला. पण वर्षाला एखादी खपणारी, सहज फुटणारी वस्तू त्यांनी का सांभाळावी? घरोघरी वीज आली, रेशनचं रॉकेल आटलं. दोष कुणाला देणार?

तरी एक खटकतं. कंदिलाची काच फुटली तर काच बदलायची, वात संपली तर वात. माझ्या चार्जिंगच्या दिव्याची बॅटरी गेली आणि अख्खा दिवाच कचऱ्यात गेला. २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. पण सुटा भागच मिळत नसेल तर दुरुस्तीच्या हक्काचं काय करायचं? आणि तो भाग दुकानात टिकतो मागणाऱ्यांमुळे. मी तरी काच आयुष्यात पहिल्यांदाच मागत होतो. न मागणाऱ्यांत इतकी वर्षं मीही होतोच.

निघताना काकांना सांगून आलो, "आली तर दोन ठेवा."