शिष्यवृत्तीचे ऋण कोणाचे?



गेल्या महिन्यात लालबागच्या एका बौद्ध कुटुंबाकडे रविवारच्या वंदनेला जाण्याचा योग आला. घरातल्या मुलाला पीएच.डी.साठी अधिछात्रवृत्ती मिळाली होती. त्या आनंदात चार शेजारी, चार नातेवाईक बोलावले होते. त्रिसरण-पंचशील झाले, खिरीच्या वाट्या हातात आल्या आणि आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे वडीलधाऱ्यांची भाषणे सुरू झाली. प्रत्येकाने एकच सांगितले : समाजाचे ऋण विसरू नकोस. मीही तेच सांगितले. मुलगा शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, “आजोबा, राग मानू नका. बडोद्याच्या महाराजांनी बाबासाहेबांना परदेशी पाठवले तेव्हा दहा वर्षे नोकरी करण्याचा करार लिहून घेतला होता. बाबासाहेबांनी तो कुठे पुरा केला? मग वसुली माझ्याकडूनच का?”

खोलीत कोणी बोलेना. एका मावशींनी त्याला दटावले. मला मात्र दटावता येईना. कोणी थोर माणसाने सांगितले म्हणून मानू नका, तपासून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. ते आपण सभांतून सांगत असतो. मग घरातल्या मुलाने तपासायला घेतले तर आपण रागवायचे काय म्हणून?

वाचकहो, प्रश्न टाळण्यासारखा नाही, म्हणून आधी जे घडले ते नीट पाहू. बाबासाहेब एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत असताना सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा २५ रुपये शिष्यवृत्ती दिली. ती मिळवून देण्यात कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींचा हात होता. पुढे ४ जून १९१३ रोजी बडोद्यात करार झाला. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात तीन वर्षे शिकायचे, दरमहा साडेअकरा पौंड मिळायचे आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, असा तो करार. १९१५ साली ते एम.ए. झाले. १९१६ साली लंडनला गेले. मुदत संपली म्हणून १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. त्याच सप्टेंबरात ते करार पाळण्यासाठी बडोद्याला हजर झाले. ही गोष्ट लक्षात ठेवा : ते गेले होते.

तिथे काय झाले ते आपल्या घराघरात ठाऊक आहे. कचेरीत शिपाई कागद लांबून टाकीत. राहायला जागा कोणी देईना, म्हणून पारशी धर्मशाळेत आसरा घेतला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दाराशी आले. एका हिंदू स्नेह्याने आणि एका ख्रिस्ती स्नेह्याने आपल्या घरी ठेवून घेण्यास असमर्थता दाखवली. कोलंबियाचा तो विद्वान दिवसभर कामाठी बागेत बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतला. दहा वर्षांचा करार इतक्या दिवसांत संपला. पुढे संस्थानाने झालेल्या खर्चाची मागणीही केली. तेव्हा मुलगा म्हणाला ते कागदावर खरेच आहे. भक्तीच्या भरात ते झाकू नये.

वकिली उत्तर सोपे आहे. ज्या राज्याला आपल्या अधिकाऱ्याला झोपायला एक खोली देता आली नाही, त्याने करारातली आपली बाजू आधीच मोडली होती. हे उत्तर बरोबरही आहे. पण त्यावर मला थांबावेसे वाटत नाही. उद्या कोणीही उठेल आणि म्हणेल की समाजाने माझे काय केले, मग मी समाजाचे काय लागतो? असे म्हणणारे काही कमी नाहीत. त्यांच्यापैकी पुष्कळ चांगल्या हुद्द्यांवर आहेत.

मला उत्तर सापडले ते दोन पुस्तकांच्या अर्पणपत्रिकांत. १९२३ साली बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला, त्यांनी शिक्षणासाठी सोसले त्याबद्दल कृतज्ञता म्हणून. १९२५ साली प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ आला, ज्यावर कोलंबियाने त्यांना पीएच.डी. दिली. तो अर्पण केला सयाजीराव महाराजांना, शिक्षणाला केलेल्या मदतीबद्दल. बडोद्याची ती रात्र होऊन तेव्हा आठ वर्षे झाली होती. ज्याच्या राज्यातून हाकलले गेले त्याचे नाव त्यांनी पहिल्या पानावर छापले. चाकरी सुटली, उपकाराची जाणीव सुटली नाही.

मंगलसुत्तात जी उत्तम मंगले सांगितली आहेत त्यांत कृतज्ञता आहे, हे आपण परित्राणपाठात ऐकतो. पण कृतज्ञता म्हणजे ताबेदारी असे तिथे म्हटलेले नाही. देणाऱ्याने घेणारा विकत घेतला तर ते दान राहत नाही, तो सौदा होतो. केळुसकर गुरुजींकडे पाहा. चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा रोज वाचीत बसलेला त्यांना दिसला, त्यांनी विचारपूस केली, पुस्तके दिली. परीक्षा पास झाल्याबद्दल समाजाने त्या मुलाचा सत्कार केला तेव्हा स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याला भेट दिले. करार नाही, मुदत नाही. त्या पुस्तकाचे पुढे काय झाले ते १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरने पाहिले. गिरगावच्या गुरुजींच्या मनात असला हिशेब असणे शक्यच नव्हते.

आईवडिलांचे अर्पण आधीचे आहे, हेही मला योगायोग वाटत नाही. परळच्या चाळीत रामजी सुभेदारांनी मुलाच्या पुस्तकांसाठी लेकींचे दागिने गहाण टाकले होते. शिष्यवृत्तीच्या कागदावर एकच नाव असते. त्या दागिन्यांचे नाव कुठे लिहितात?

इथे मला माझ्या घरातली गोष्ट सांगितली पाहिजे. आजवर ती मी कोठे लिहिली नाही. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या चौपाटीवर, बाबासाहेबांच्या चितेच्या साक्षीने, वडिलांनी आम्हा सर्वांसह दीक्षा घेतली. माझा थोरला भाऊ १९५८ साली मॅट्रिक झाला. हुशार होता, माझ्यापेक्षा पुष्कळ हुशार. कॉलेजच्या फॉर्मवर त्याने धर्म बौद्ध लिहिला. कारकून भला माणूस होता. म्हणाला, “जुनी जात लिही, शिष्यवृत्ती मिळेल. देव्हाऱ्यात काय ठेवायचे ते घरी ठेवा.” भावाने घरी येऊन विचारले. वडील म्हणाले, “खोटे लिहून शिकायचे असेल तर दीक्षा कशाला घेतली?” भाऊ लालबागच्या एका गिरणीत बदली कामगार म्हणून लागला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर, १९६० पासून, राज्याच्या सवलती नवबौद्धांना मिळू लागल्या. त्यावर मी शिकलो. केंद्राच्या यादीत मात्र आपल्याला १९९० साली जागा मिळाली, दीक्षेनंतर चौतीस वर्षांनी. तोवर भावाची गिरणीही संपली होती. १९८२ च्या संपानंतर त्याला पुन्हा कामावर कोणी बोलावले नाही.

वडील बरोबर होते असे मी मानतो. पण त्यांच्या सत्याची किंमत त्यांनी भरली नाही, भावाने भरली, आणि फळ मी खाल्ले. त्या काळात ज्यांनी फॉर्मवर जुनी जात लिहून मुले शिकवली त्यांना मी दोष देत नाही. दोष त्यांचा, ज्यांनी धर्म बदलताच अस्पृश्यता संपली असे कागदावर ठरवले. आज नव्याने दीक्षा घेणाऱ्या कुटुंबांना बौद्ध लिहूनही अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती मागता येते. कारकुनाशी बोलताना मान खाली घालू नका. या एका ओळीसाठी पुष्कळ मुले गिरण्यांत गेली आहेत.

आता मुलाच्या प्रश्नाकडे. त्याची अधिछात्रवृत्ती राजाची मेहेरबानी नाही. १९४२ साली व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात गेल्यावर बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी सरकारकडून तीन लाख रुपये मंजूर करून घेतले. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. त्यांना जे एका महाराजांच्या चांगुलपणावर मिळाले, ते पुढच्यांना हक्काने मिळावे ही त्यांची खटपट होती. हा पैसा करातून येतो आणि कर रस्ता झाडणारी बाईही साबणावर भरते. म्हणून कोणा मंत्र्याचे आभार मानण्याचे कारण नाही. मुलाचे इतके म्हणणे मला मान्य आहे.

पण हक्क आपोआप चालत येत नाही. २०२३ साली ‘बार्टी’च्या अधिछात्रवृत्तीसाठी संशोधक विद्यार्थी आझाद मैदानावर कित्येक आठवडे बसले होते. पात्र ठरलेले ८६१ जण होते आणि सरकार म्हणत होते, २०० जणांनाच देऊ. गुणवत्तेच्या नावाने निवड करायची म्हणजे बाकीच्यांना घरी पाठवायचे, हा नेहमीचा डाव. आपण २०० मध्ये नक्की बसू अशी खात्री असलेले त्या उन्हात कोणी नसतील काय? असतीलच. तेही उठले नाहीत. अखेर सर्व ८६१ जणांना अधिछात्रवृत्ती द्यावी लागली. बाबासाहेबांची गोष्ट त्या मुलाला जुनी वाटत असेल, तर ही अगदी त्याच्या वयाच्या मुलामुलींची आहे.

१८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्यांनी आपल्याला धोका दिला असे दुःखाने सांगितले. ते आपण सुशिक्षितांच्या तोंडावर फेकतो. मीही पुष्कळदा फेकले आहे. परंतु ऋणाच्या नावाखाली आपण मुलांकडे काय मागतो ते कधी पाहिले आहे काय? जयंतीची वर्गणी, पुतण्याला नोकरी, व्यासपीठावर खुर्चीला खुर्ची. रसायनशास्त्राचा मुलगा प्रयोगशाळेत रात्री जागतो आहे, ते काम चोख झाले तर काहीच फेडले नाही असे आपण कसे म्हणतो? बाबासाहेबांनी रुपयावर ग्रंथ लिहिला तेव्हा तो कोणाच्या मिरवणुकीत कामाला येणार होता?

हे सगळे मी त्या मुलाला त्या दिवशी सांगू शकलो नाही. आठवड्याने तोच माझ्याकडे आला. भावाची गोष्ट मी त्याला सांगितली. बराच वेळ गप्प बसला, मग विचारले, “त्यांनी कधी काही मागितले का तुमच्याकडे?” मी म्हटले, नाही. “आणि तुम्ही दिले?” मी म्हटले, त्याच्या मुलींच्या फिया भरल्या. “तेवढेच?” असे तो म्हणाला नाही, पण माझ्या कानांना ते ऐकू आले.

त्याच्या प्रबंधाला अजून तीन वर्षे आहेत. जाताना त्याने दोन अर्पणपत्रिकांची साले वहीत लिहून घेतली. आपल्या प्रबंधाचे पहिले पान तो सध्या कोरे ठेवणार आहे म्हणाला. कारण लिहायची नावे किती, हे आधी आईला विचारायला हवे.