विज्ञानाचा वक्ता आणि त्याचा पक्ष

दुसऱ्यावर विश्वास ठेवल्यावांचून ज्ञान मिळत नाहीं, ही गोष्ट बुद्धिवाद्यांस कितीही अप्रिय वाटली तरी खरी आहे. पृथ्वीचें वय सुमारें साडेचार अब्ज वर्षें आहे असें आपण निःशंकपणें सांगतों, तें कांहीं स्वतः अशनींतील शिशाचें प्रमाण मोजून नव्हे. ज्यांनीं मोजलें त्यांचा शब्द आपण मानला, इतकेंच. हा शब्द पूर्वीं ग्रंथांतून येत असे. आज तो पुष्कळ अंशीं कानांतून येतो. पॉडकास्ट या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या संभाषणमालिका मोबाइलवर ऐकत भाजी चिरणारी गृहिणी किंवा सकाळीं फिरावयास निघालेला पेन्शनर यांस जनुकांपासून कृत्रिम बुद्धिमत्तेपर्यंत जें कळतें, तें एका ओळखीच्या आवाजाच्या भरंवशावर. अशा मालिकांविरुद्ध, विशेषतः अमेरिकेंत, एक तक्रार सारखी ऐकूं येते: हे लोक विज्ञान सांगतां सांगतां आपल्या पक्षाचें राजकारण श्रोत्याच्या गळीं उतरवितात. तक्रार डावे व उजवे दोघेही करतात. त्यावरून ती खोटी ठरत नाहीं.

यावर पहिला उपाय सुचतो तो असा कीं, वक्त्यानें निव्वळ विज्ञान सांगावें, राजकारणाचें नांव काढूं नये. दिसावयास उपाय सोज्ज्वळ आहे, पण तो पाळावयाचा कसा? ‘सायन्स व्हर्सेस’ ही मालिका घ्या. लोकांच्या समजुती पुराव्यावर घांसून पाहणें हें तिचें काम. ती स्पॉटिफाय कंपनीच्या मालकीची. त्याच कंपनीनें जो रोगन या सुप्रसिद्ध मुलाखतकाराच्या कार्यक्रमाचे हक्क घेतलेले, आणि त्या कार्यक्रमांत कोविडच्या लशींविषयीं निराधार विधानें झालेलीं. २०२२ च्या आरंभीं ‘सायन्स व्हर्सेस’च्या चालकांनीं जाहीर केलें कीं, कंपनी चुकीच्या माहितीस आळा घालीपर्यंत आम्ही त्या माहितीचें खंडन करणारेच भाग काढूं. हें राजकारण झालें काय? लस घेणें वा न घेणें ही अमेरिकेंत तोंवर पक्षाची खूण होऊन बसली होती, तेव्हां कित्येकांस तें तसें वाटलें असेल. परंतु लशीनें मृत्यु टळतात हें विधान कोणत्या पक्षास सोयीचें आहे, यावरून त्याचें सत्यत्व कमीजास्त होत नाहीं. वस्तुस्थितीलाच एखाद्या पक्षानें वैरीण मानलें, तर ती सांगणाऱ्यास पक्षपाती म्हणतां येणार नाहीं.

खरा पक्षपात निराळ्या ठिकाणीं असतो. ‘आहे’ यावरून ‘असावें’ हें आपोआप निघत नाहीं, हें डेव्हिड ह्यूमनें अठराव्या शतकांतच दाखविलें. हवेच्या दहा लक्ष भागांत कार्बन डायॉक्साइड औद्योगिक क्रांतीपूर्वीं सुमारें २८० भाग होता, तो आतां ४२० च्या वर गेला आहे, हें ‘आहे’. म्हणून कोळशावर कर बसवावा, कीं अणुभट्ट्या उभाराव्या, कीं श्रीमंत राष्ट्रांनीं अगोदर आपला भोग आवरावा, हें ‘असावें’. येथें शास्त्रज्ञाचें मत शेजारच्या वकिलाच्या मताहून अधिक माहितीचें असेल. पण तें मोजमाप नव्हे, निवड आहे, आणि निवड म्हटली कीं कोणाचें किती नुकसान चालेल हा प्रश्न आलाच. वक्त्यानें असें मत देऊंच नये, असें माझें म्हणणें नाहीं. आमच्याकडील कीर्तनकार पूर्वरंगांत निरूपण करतो, मग नामाचा गजर होतो, बुक्का लागतो, आणि नंतर उत्तररंगाचें आख्यान सुरू होतें. रंग पालटला हें मागें बसलेल्या पोरासही कळतें. पॉडकास्टमध्यें हा गजर नसतो. मोजमापाच्या गोष्टी सांगून मिळविलेला विश्वास त्याच आवाजांत, त्याच लयींत, मतावर खर्च होतो. जेथें श्रोत्यांस गप्प बसणें प्राप्त आहे त्या व्यासपीठावरून आपला पक्ष शिकवूं नये, असें मॅक्स वेबरनें १९१७ सालीं म्यूनिक येथील व्याख्यानांत अध्यापकांस बजावलें होतें. वर्गांतला विद्यार्थी निदान बाहेर पडून अध्यापकाशीं वाद घालूं शकतो. कानांतील आवाजास तेंही भय नाहीं.

यंत्रविद्येच्या मालिकांत तर ‘असावें’ हें ‘होणार’ असा वेष घेऊन येतें, आणि हा वेष अधिक फसवा. अमक्या यंत्रानें कारकुनांचीं कामें जाणारच, कायद्यानें तें थांबणार नाहीं, असें भविष्य भांडवल गुंतविणारा सांगतो, तेव्हां तें ज्योतिष नसून बहुधा त्याची इच्छा असते. ‘ऑल-इन’ या मालिकेचे चारही चालक असेच सिलिकन व्हॅलीच्या धंद्यांत पैसा गुंतविणारे. त्यांपैकीं डेव्हिड सॅक्स यांनीं जून २०२४ मध्यें आपल्या घरीं डोनल्ड ट्रंप यांच्यासाठीं निधि जमविला; त्याच महिन्यांत ट्रंप त्या मालिकेंत पाहुणे म्हणून आले; आणि डिसेंबरांत कृत्रिम बुद्धिमत्ता व आभासी चलन यांच्या धोरणासाठीं सॅक्स यांची नेमणूक जाहीर झाली. येथें सर्व कांहीं उघड होतें, व तेवढ्यापुरतें मला तें कमी घातक वाटतें. दुकानावर पाटी असली कीं गिऱ्हाईक सावध असतें. जेथें पाटी ‘निव्वळ विज्ञान’ अशी आहे, तेथील तागडीकडे अधिक लक्ष द्यावें लागतें.

तागडीचा हा दोष पुष्कळदां न विचारलेल्या प्रश्नांत असतो. कोविडचा विषाणु प्राण्यांतून आला कीं वूहानच्या प्रयोगशाळेंतून निसटला, हा प्रश्न मुळांत पुराव्याचा. पण २०२० सालीं ट्रंप यांनीं प्रयोगशाळेची बाजू घेतली, आणि तेवढ्यावरून कित्येकांनीं तो प्रश्नच निषिद्ध मानला. पुढें वारें फिरलें, तेव्हां दुसऱ्या बाजूनें तो सुटल्याचेंच जाहीर केलें. वस्तुतः प्राण्यांच्या बाजाराकडे बोट दाखविणारा पुरावा बराच आहे, अमेरिकेच्या सी. आय. ए. नें जानेवारी २०२५ मध्यें प्रयोगशाळेकडे झुकतांनाच आपली खात्री कमी असल्याचें सांगितलें, आणि निकाल लागलेला नाहीं. हें वाक्य तासाभराच्या कार्यक्रमास रुचकर नसतें, हेंही खरें.

विश्वास खर्च झाला कीं तो कोठून वजा होतो, याचा एक प्रयोग झालेला आहे. ‘नेचर’ या जगन्मान्य नियतकालिकानें २०२० च्या निवडणुकींत जो बायडेन यांस पाठिंबा दिला. पुढें एका अभ्यासांत सुमारें चार हजार लोकांपैकीं कांहींस हा पाठिंबा दाखविण्यांत आला. उमेदवारांविषयींचीं मतें फारशीं हललीं नाहींत. ट्रंप यांच्या समर्थकांचा ‘नेचर’वरील विश्वास मात्र पुष्कळ घटला, आणि कोविडची माहिती तेथें शोधण्याची त्यांची तयारीही. ज्यांच्यापर्यंत लशीची गोष्ट पोंचणें सर्वांत आवश्यक, तेच उठून गेले. २०२३ सालीं हा अभ्यास ‘नेचर’च्याच एका भावंड-मासिकांत छापला गेला, आणि तरीही संपादकांनीं आपला निर्णय योग्यच ठरविला. तो युक्तिवाद मला पटत नाहीं. पण प्रतिकूल निकाल त्यांनीं आपल्याच घरांत छापला, हें नमूद केलें पाहिजे.

आपण मराठी श्रोते या भांडणापासून दूर आहोंत असें समजण्यांत अर्थ नाहीं. नागपुरांतील विद्यार्थी आणि न्यू जर्सींत स्थायिक झालेली त्याची मावशी एकच मालिका ऐकतात. मावशीस तेथील पक्षांच्या घोषणा नुसत्या सुरावरून ओळखतां येतात. विद्यार्थ्यास तो कान नाहीं. हवेंतील वायूचा आंकडा आणि कॅलिफोर्नियांतील एखाद्या पुढाऱ्याविषयींचा शेरा त्याच्या वहींत एकाच शाईनें, एकाखालीं एक उतरतात, आणि स्पर्धापरीक्षेच्या निबंधांत दोन्ही ‘शास्त्रज्ञांचें म्हणणें’ म्हणून जातात.