ओघळ

हरमलच्या किनाऱ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एका जोडप्याचा लिंबूसोड्याचा गाडा होता. एप्रिलात भर दुपारी गिऱ्हाइकांची झुंबड उडायची. नवरा सोड्याच्या बाटल्या फोडायचा, बायको लिंबं कापून पिळायची. दीड वर्षाचं पोर मागे टबात उघडंबंब डुंबत असे. रडलं की ती तशाच रसाने माखलेल्या हातांनी त्याला काखेखाली धरून उचलायची, चुचकारून परत पाण्यात सोडायची आणि लिंबांकडे वळायची.

एके दिवशी आंघोळ घालताना सासूला पोराच्या बरगड्यांवर बोटं दिसली. तपकिरी, काळपट, छापल्यासारखी. हात लावला तरी पोर कुरकुरत नव्हतं, पण तेवढं बघायला थांबतो कोण? शेजारीण म्हणाली, देवचाराचा हात. सासू जास्त व्यवहारी. तिने सुनेचा पंजा धरून डागांवर टेकवला. बोटाला बोट जुळलं.

"बघ! आणि म्हणे मी हात उगारत नाही!"

सून काय बोलणार? हात तिचाच होता. नवऱ्याने बोलणं टाकलं. सासूने नातवाची काळजी मात्र मनापासून घेतली. डाग जावेत म्हणून रोज सकाळी लिंबाची फोड चोळून ती त्याला अंगणात उन्हात खेळवू लागली. डाग जायचे सोडून पसरले. सुनेवरचा आरोपही पसरला.

शेवटी सासूने न्यायनिवाड्याला डिचोलीहून आपल्या थोरल्या भावाला बोलावलं. ते जुने वैद्य. उमेदीत त्यांनी कोडाच्या रोग्यांना बावचीचा लेप लावून कोवळ्या उन्हात बसवलं होतं, आणि वेळेचा अंदाज चुकला की कातडी कशी पोळते, मग काळी पडते, तेही पाहिलं होतं. बावचीत जे सोरालेन असतं, त्याच जातीची द्रव्यं लिंबाच्या सालीत आणि रसात असतात. ती अंगावर तशीच राहिली आणि वर उन्हातले अतिनील 'ए' किरण पडले की कातडी भाजते. नुसतं लिंबू निर्दोष, सावलीत कितीही पिळा. शिवाय खूण उमटते एक-दोन दिवसांनी, म्हणून लिंबावर संशय जातच नाही. पेल्यात लिंबू पिळून वाळूत लोळणारे पर्यटकही असे चट्टे घेऊन घरी जातात आणि दोष समुद्राला देतात.

म्हाताऱ्याने पोराला मांडीवर घेतलं, उलटसुलट करून पाहिलं.

"मारलं असतं तर पाची बोटं एका बाजूला उमटली असती. इथे अंगठा छातीवर, बोटं पाठीवर. ही उचलल्याची खूण. आणि हा डाग बघ, काखेपासून कमरेपर्यंत धारेसारखा गेलाय. थप्पड कधी ओघळते काय गो?"

सुनेच्या बोटांवरही काळे चट्टे होते. ती ते चुलीचे समजत होती.

"आणि हे वर फासल्यासारखे नवे डाग कुणाचे?"

सासूने लिंबाची फोड चोळल्याचं सांगितलं, अर्ध्या आवाजात.

औषध त्यांनी काहीच दिलं नाही. पोराला उचलण्याआधी हात साबणाने धुवायचे, त्याला उन्हात उघडं सोडायचं नाही, लिंबाची फोड तर अजिबात लावायची नाही. डाग आपसूक फिकट होतील, पण काही आठवडे, कदाचित महिने लागतील.

निघताना बहीण त्यांना फाटकापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "दादा, लिंबाचं तेवढं गावात कुणाला सांगू नको हां."

दादाने पेडण्याच्या बसथांब्यावरच पहिल्या ओळखीच्या माणसाला सांगितलं. सून मारते ही बातमी तिथवर आधीच पोचली होती.