राजा, राणी आणि पंखा

शाळेच्या भूगोलात गिरसप्पाचा धबधबा हमखास दोन मार्कांना असे. नदी शरावती, उंची 830 फूट, धारा चार: राजा, राणी, रोअरर आणि रॉकेट. एवढ्या पाठांतराच्या भांडवलावर फेब्रुवारीत आम्ही सहकुटुंब जोगला जाऊन उभे राहिलो. राजाची अवस्था 1971 साली तनखा बंद झालेल्या संस्थानिकासारखी होती. राणी बहुधा माहेरी गेली असावी.

"पाणी कुठाय?" सौभाग्यवतींनी विचारलं. जणू नळ मीच बंद केला होता!

पाणी वर लिंगनमक्कीच्या धरणात. धरण झालं 1964 साली. तेव्हापासून पाऊस दांडगा झाला तर धबधबा, एरवी वीज. निसर्गाची ही चक्क हत्या आहे, असं एक भाषण मी लॉजवर पंख्याखाली बसून ठोकलं. (पंखा त्याच पाण्यावर फिरत असणार, पण भाषणात असल्या गोष्टी आणू नयेत.) नदीनं आमच्या डोळ्यांसाठी कोसळावं हा हट्ट, दिव्यांसाठी राबावं हाही हट्टच. आणि दोन्ही हट्ट एकाच गिऱ्हाइकाचे!

संध्याकाळी चहावाल्याला हे ऐकवलं. त्याच्या आजोबांची भातशेती त्याच धरणाखाली गेलेली.

"धबधबा बघायचा तर पावसाळ्यात या, साहेब," तो हिंदीत म्हणाला. "आम्ही उन्हाळ्यात जातो. पाणी उतरलं की देवळाचं जोतं दिसतं."

आणि भजी तळायला लागला.