डोळ्याचा हक्क

वाचकहो, हजरत अब्दुल्लाह बिन अम्र बिन आस (रजि.) या तरुण सहाबींची हकीकत आपण ऐकली असेल. ते रोज रोजा ठेवीत आणि रात्रभर नमाजीत उभे राहत. ही वार्ता प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या कानी गेली, तेव्हा त्यांनी अब्दुल्लाह यांना समजावले की, शरीराचा त्यांच्यावर हक्क आहे, डोळ्याचा हक्क आहे, पत्नीचाही हक्क आहे. ही हदीस सहीह बुखारीत आहे. शरीर म्हटल्यावर डोळा त्यात आलाच होता, तरीही त्याचे नाव वेगळे घेतले गेले. शिवाय ज्या गोष्टीमुळे त्याचा हक्क बुडत होता, ती कोणतीही वाईट सवय नव्हती. ती रात्रीची नमाज होती.

आज आपल्या घरांतील कितीतरी तरुण आणि तरुणी दिवसाचे आठ-दहा तास संगणकासमोर बसून रोजी कमावतात. डोळे लाल होतात, चुरचुरतात, संध्याकाळी कपाळ ठणकते. थोडे थांबावे असे सुचवले, तर उत्तर मिळते, “हलाल कमाई आहे, घर चालवायचे आहे, हीसुद्धा इबादतच.” हे उत्तर खरे आहे, अपुरे मात्र आहे. ज्या डोळ्याचा हक्क तहज्जुदच्या नमाजीपुढेही शाबूत राहिला, तो महिन्याच्या पगारापुढे रद्द होतो, असे आपण कोणत्या आधारावर म्हणणार?

हा हक्क फार मोठाही नाही. जवळची वस्तू पाहताना डोळ्यातील भिंगाभोवतीचा बारीक स्नायू आकसून राहतो. नजर दूर गेली की तो सैल पडतो. मूठ आवळून तीन तास बसण्याची कल्पना करा, म्हणजे सकाळपासून वीतभर पडद्यावर खिळलेल्या डोळ्याची अवस्था ध्यानात येईल. दुसरी गोष्ट पापणीची. एरवी ती मिनिटाला साधारण १५ वेळा लवते आणि दर वेळी बुबुळावर अश्रूंचा पातळ थर पसरवते. एकटक पाहताना तिचे लवणे निम्म्याहूनही कमी होऊ शकते. मग डोळा कोरडा पडतो. यासाठी नेत्रतज्ज्ञ एक सोपा उपाय सांगतात : दर २० मिनिटांनी, २० फूट किंवा त्याहून दूरच्या वस्तूकडे, २० सेकंद पाहावे. हा हिशेब शरीयतीचा नव्हे, अनुभवी जाणकारांचा आहे. आणि अशा बाबतीत जाणकारांचे ऐकणे हाच शहाणपणा. पडद्यामुळे दृष्टीच जाते, अशी भीतीही उगाच पसरवू नये. हा मुख्यतः थकवा आहे आणि विश्रांतीने तो उतरतो. चुरचूर तरीही थांबत नसेल, तर डॉक्टरांना डोळे दाखवावेत.

काही वक्ते नमाजीलाच डोळ्यांचा व्यायाम ठरवतात. मला ते रुचत नाही. नमाज अल्लाहसाठी आहे आणि तिच्यात नजर सजद्याच्या जागेवर असते, क्षितिजावर नसते. जुहरसाठी उठणे, वुजू करणे, मशिदीपर्यंत चालत जाणे यांत डोळ्याला उसंत मिळते, हे निश्चित. पण जुहर ते असर हा काळ काही तासांचा असतो. मधल्या वेळेतील हक्क वेगळा फेडावा लागतो.

मशिदीत एकदा दोन खांबांना बांधलेली दोरी प्रेषितांना (स.) दिसली. नमाजीत थकवा आला की हजरत जैनब (रजि.) तिचा आधार घेत, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी ती सोडायला लावली आणि उत्साह असेतोवर नमाज पढावी, थकल्यावर बसावे, असे सांगितले. आपल्या टेबलावरचा चौथा चहा आणि खिशातील डोळ्यांच्या थेंबांची बाटली यांकडे पाहून मला ती दोरी आठवते. थेंब डॉक्टरांनी दिले असतील तर जरूर घाला; न थांबता काम रेटण्यासाठी घालू नका.

तारुण्यात शरीर तक्रार करत नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. अब्दुल्लाह (रजि.) यांनी जास्त रोजांचा आग्रह धरला आणि एक दिवसाआड रोजा मान्य करून घेतला. वार्धक्यात तो नेम जड जाऊ लागला, तेव्हा आधी दिलेली सवलत स्वीकारली असती तर बरे झाले असते, असे त्यांना वाटले.

ज्यांच्या हाताखाली माणसे संगणकावर राबतात, त्यांनीही विचार करावा. हाताखालच्यांवर झेपणार नाही असे ओझे घालू नये, ही प्रेषितांची (स.) स्पष्ट शिकवण आहे. मान वर करून खिडकीबाहेर पाहणाऱ्या मुलाला कामचुकार म्हणणारा मालक त्याच्या डोळ्याचा हक्क स्वतःच्या खात्यात जमा करत असतो.

आणि पडद्यावरून उठून हातात मोबाइल घेणे ही विश्रांती नव्हे. डोळ्याच्या दृष्टीने तो फक्त एक लहान पडदा आहे. सूरह गाशियामध्ये उंट, आकाश, पर्वत आणि जमीन यांकडे पाहण्यास सांगितले आहे. उंट सोडला तर बाकीचे बहुतेकांच्या गच्चीवरून दिसते. खिडकी नसेल, तर खोलीबाहेरच्या लांब बोळाचे टोकही चालेल.

रमजानमध्ये अनेकजण मोबाइलवर तिलावत करतात, त्यांनाही हाच नियम लागू आहे. आपल्याकडील कुरआनच्या समासात प्रत्येक पाऱ्याला रुब्अ आणि निस्फ अशा खुणा छापलेल्या असतात. निस्फची खूण आली की आयत पूर्ण करून मान वर करावी, पापण्या लववाव्यात, मशिदीच्या दारापलीकडे दूर कुठेतरी पाहावे आणि मग पुढची आयत सुरू करावी.