ऐकू आलं, की वाटलं?

माझा मामा तारपा वाजवायचा. मोखाड्याच्या पुढे, खोडाळ्याच्या बाजूला आईचं माहेर. भातकापणीच्या दिवसांत रात्री अंगणात मामा मधोमध उभा राहायचा आणि त्याच्याभोवती कमरेत हात गुंफलेल्या बायामाणसांचा नाच फिरायचा. तारपा म्हणजे वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा आणि फटी बुजवायला मेण. वाजवणारा श्वास तोडत नाही. गालात हवा धरून नाकाने नवी हवा घेतो, त्यामुळे सूर तासन्‌तास सलग चालू राहतो. जव्हारजवळच्या वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडांचं नाव आज सगळीकडे माहीत आहे. मामाचं नाव त्याच्या पाड्याबाहेर फारसं कुणाला माहीत नव्हतं.

२०१९च्या दिवाळीत मी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. मित्राचा माईक आणि छोटा ऑडिओ इंटरफेस मागून आणला, लॅपटॉपला जोडला आणि मामाला ओटीवर बसवून चाळीस मिनिटं रेकॉर्ड केलं. लॅपटॉपची बॅटरी गेलेली होती, म्हणून चार्जर लावूनच ठेवला. २०२१मध्ये मामा गेला. त्याच्या तारप्याचं ते एकच रेकॉर्डिंग आमच्याकडे आहे, आणि त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत मागे एक बारीक ‘घूंऽऽ’ आहे.

ही गोष्ट त्या ‘घूं’ची आहे. एका प्रश्नाचीही आहे. आधी तो मला फक्त तांत्रिक वाटला होता.

पुण्यात नोकरी लागली, दुसऱ्या वर्षी पगार वाढला आणि मला चांगल्या आवाजाचं वेड लागलं. आधी हेडफोन घेतला, मग डॅक, म्हणजे मोबाईल किंवा लॅपटॉपमधल्या आकड्यांचं आवाजाच्या विजेत रूपांतर करणारी डबी. मग कळलं की खरा खेळ विजेचा आहे. डॅकसोबत येणारा साधा अडॅप्टर ‘घाण’ वीज देतो. त्याऐवजी ट्रान्सफॉर्मरवाला लिनियर पॉवर सप्लाय लावा. लॅपटॉपची घाण यूएसबीच्या वायरीतून येते, मध्ये आयसोलेटर बसवा. पडदा उघडल्यासारखं होईल. मी दोन्ही घेतलं. साडेसतरा हजार रुपये गेले.

पहिल्या रात्री मामाचं रेकॉर्डिंग लावलं आणि डोळ्यांत पाणी आलं. मामाने नाकाने घेतलेला श्वास ऐकू आला. बोट नळीवरून उचललेलं ऐकू आलं. ‘घूं’सुद्धा मागे सरकल्यासारखी वाटली. दुसऱ्या दिवशी मी हे ऑफिसातल्या एका मित्राला सांगितलं. तो विक्रमगडचा, माझ्याहून दोन वर्षांनी लहान आणि माझं ऐकणारा. त्याने तोच सप्लाय हप्त्यांवर घेतला. आठवड्याने म्हणाला, “दादा, फरक आहे राव.”

पुढे धाकटी बहीण परीक्षेसाठी पुण्यात आली. ती बीएस्सी झालेली आहे आणि तिला माझ्या डोळ्यांतल्या पाण्याचं कौतुक नव्हतं. म्हणाली, “तुला न सांगता बदलते. ओळखून दाखव.” मी पाठ करून बसलो. तिने नाणं उडवायचं, छापा आला तर जुना अडॅप्टर, काटा आला तर नवा सप्लाय. दरवेळी वायर काढून पुन्हा लावायची, म्हणजे आवाजावरून कळायला नको. असं सोळा वेळा केलं. सोळापैकी बारा बरोबर आले तर ती केवळ नशिबाची गोष्ट नाही, असं म्हणायला जागा असते. नुसत्या अंदाजाने बारा किंवा अधिक बरोबर यायची शक्यता चार टक्क्यांहून थोडी कमी आहे.

माझे सात बरोबर आले. मला वाईट कशाचं वाटलं, तर त्या सोळाही वेळा मी खात्रीने उत्तर दिलं होतं. “हा नवा, श्वास बघ किती स्वच्छ आहे.” तो जुना होता.

आता इंजिनीअर म्हणून सांगायचं तर निकाल असाच यायला हवा होता. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची, सेकंदाला पन्नास वेळा हेलकावे खाणारी. अडॅप्टर तिची सरळ, कमी व्होल्टची वीज करतो. साधा अडॅप्टर हे काम सेकंदाला हजारो-लाखो वेळा चालू-बंद होऊन करतो. त्याचा गोंगाट असतो, पण तो बहुतांशी माणसाच्या कानाच्या पलीकडे असतो. आपल्याला वीस हजार हर्ट्झच्या वर ऐकू येत नाही, आणि वय वाढेल तशी ती हद्द खाली येते. शिवाय डॅकच्या आत पुन्हा स्वतःचे रेग्युलेटर आणि कपॅसिटर असतात, आलेली वीज ते गाळून घेतात. यंत्र नीट बनवलेलं असेल तर बाहेरची वीज आणखी गाळून दिल्याने कानापर्यंत पोचेल असा फरक उरत नाही. गाळलेलं पाणी पुन्हा गाळल्यासारखं.

असा अनुभव माझ्या एकट्याचा नाही. २००७मध्ये मेयर आणि मोरान या दोघांनी अमेरिकेत एक चाचणी प्रसिद्ध केली. विषय वेगळा होता: महागडं हाय-रिझोल्यूशन रेकॉर्डिंग आणि तेच साध्या सीडीच्या दर्जातून काढलेलं, यांतला फरक ऐकू येतो का? ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरं बरोबर आली. म्हणजे निम्मी. नाणं उडवलं असतं तरी एवढीच आली असती.

पण म्हणून हे सगळं थोतांड आहे असं म्हटलं तर तेही खोटं होईल. जव्हारच्या आमच्या घरी बाबांचा जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे. टीव्ही, डिश आणि अ‍ॅम्प्लिफायर सगळं एकमेकांना जोडलेलं. लावला की स्पीकरमधून मोठी घरघर. मी सुट्टीत गेलो तेव्हा डिशची केबल काढली, तर घरघर बंद. केबलचं अर्थिंग एकीकडे आणि बोर्डाचं दुसरीकडे, त्या दोहोंमधून वायरीत फिरणारी वीज आवाजात शिरत होती. काहीशे रुपयांचा आयसोलेटर मध्ये लावला. आजी आत चुलीपाशी होती, मी काय करतोय ते तिला माहीतही नव्हतं. तिथूनच तिने विचारलं, “आता त्याची घरघर कशी थांबली?”

ती माझी दुसरी चाचणी, आणि ती मी घेतलीसुद्धा नव्हती. तसंच पावसाळ्यात आमच्याकडे संध्याकाळी बल्ब लालसर होतो, पंखा रांगतो. अशा घरात स्टॅबिलायझर लावला तर अ‍ॅम्प्लिफायर खरोखर वेगळा वाजतो. जिथे बिघाड आहे तिथे उपाय लागू पडतो आणि तो आजीलाही ऐकू येतो. जिथे बिघाडच नाही तिथे उपाय फक्त विकत घेणाऱ्याला ऐकू येतो. एकच आयसोलेटर जव्हारच्या घरात औषध आहे आणि पुण्याच्या माझ्या खोलीत ताईत.

ताईत शब्द मी मुद्दाम वापरतोय. मी सहा वर्षांचा असताना मला ताप आला, तेव्हा आजीने मला भगताकडे नेलं होतं. त्याने तांदळाचे दाणे मोजून पाहिले आणि काय झालंय ते सांगितलं. बाबांनी नंतर सरकारी दवाखान्यात नेलं, गोळ्या मिळाल्या, बरा झालो. मोठा झाल्यावर हॉस्टेलवर मी हा किस्सा हसत सांगायचो. १९९२-९३मध्ये वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं गेली, तेव्हापासून आमच्या तालुक्यात बाहेरून येणारा प्रत्येक जण आम्हाला भगताकडे जाऊ नका असं सांगत आलाय, आणि मी त्या सांगणाऱ्यांच्या बाजूने होतो. आजही आहे. पण आजीकडे चाचणी घ्यायचं साधन नव्हतं. दवाखाना लांब होता, गाडी नव्हती, नातवाचा ताप खरा होता. माझ्याकडे डिग्री होती, मीटर होता, नाणं होतं, बहीण होती. मी चाचणी घेतली नाही, कारण मला ती घ्यायची नव्हती.

इथे प्रश्न नैतिक होतो. त्या पहिल्या रात्रीचा माझा आनंद खोटा होता का? मला नाही वाटत. डोळ्यांतलं पाणी खरं होतं. मामाचा श्वास रेकॉर्डिंगमध्ये आहे, जुन्या अडॅप्टरवरही तो ऐकू येतो. त्या रात्री मी पहिल्यांदा इतकं लक्ष देऊन ऐकलं, एवढंच. पैसे मोजले म्हणून लक्ष दिलं. “मला छान वाटलं” या वाक्याला कुणाचं प्रमाणपत्र लागत नाही. “आवाज सुधारला” हे वाक्य मात्र माझ्याबद्दलचं नाही, जगाबद्दलचं आहे. आणि “तूही घे” हे तिसरं वाक्य दुसऱ्याच्या खिशाबद्दलचं आहे. वाक्यं दिसायला शेजारीशेजारी आहेत, पण एकाहून पुढच्याची जबाबदारी जास्त. मी पहिल्यावरून तिसऱ्यावर उडी मारली आणि दुसरं तपासलंच नाही.

इंग्लंडमधला गणिती विल्यम क्लिफर्ड याने १८७७च्या निबंधात एका जहाजमालकाचं उदाहरण दिलं आहे. जहाज जुनं आहे, शंका आहे, पण मालक स्वतःची समजूत घालतो की ते सुखरूप पोचेल, आणि मनापासून तसं मानून माणसं पाठवतो. क्लिफर्डचं म्हणणं असं की त्याचा प्रामाणिकपणा त्याला वाचवत नाही, कारण तसं मानण्याचा हक्कच त्याने मिळवलेला नव्हता. माझ्या साडेसतरा हजारांत कुणी बुडालं नाही. पण “मी मनापासून सांगितलं होतं” ही सबब मला लागू नाही, हे त्या उदाहरणामुळे कळलं. मनापासून तर भगतही सांगतो.

मित्राला सांगायचं की नाही, यात मी तीन आठवडे घालवले. तो खूश होता. रोज रात्री गाणी ऐकायचा. सांगून त्याला काय मिळणार? शेवटी सांगितलं. त्याने चाचणी घ्यायलाही नकार दिला, पण पुढच्या महिन्यात म्हणाला, “दादा, आता मला पण फरक येईना. तू कशाला सांगितलंस? मला ऐकू येत होतं की.”

याचं चोख उत्तर माझ्याकडे नाही. त्याच्या खोलीतून मी काहीतरी काढून घेतलं, हे खरं आहे. त्याची समजूत त्याने स्वतः कमावलेली असती तर मी कदाचित गप्प बसलो असतो. पण ती मी पेरलेली होती, आणि पुढच्या वस्तूचा सल्ला मागायला तो माझ्याकडेच येणार होता. गप्प राहिलो असतो तर त्याचा आनंद टिकला असता, पण त्याचा माझ्यावरचा विश्वास पोकळ झाला असता, आणि तो पोकळ आहे हे फक्त मला माहीत असतं. ते मला जमण्यातलं नव्हतं. त्याचे तीन हप्ते उरले होते, ते मी भरले. तो नको म्हणत होता. मग घेतले.

राहिली ‘घूं’. ती कुठल्याही पॉवर सप्लायने जाणार नव्हती, कारण ती माझ्या डॅकमध्ये नव्हतीच, रेकॉर्डिंगमध्ये होती. त्या दिवाळीत चार्जर काढून चांगल्या बॅटरीवर रेकॉर्ड केलं असतं तर बहुधा आली नसती. म्हणजे वीज स्वच्छ हवी हे बरोबरच होतं, फक्त ती २०१९मध्ये खोडाळ्याच्या ओटीवर हवी होती. फिल्टर लावून पाहिला. पन्नास, शंभर, दीडशे असं दर पन्नास हर्ट्झवर कापत गेलो, पण वरच्या काही पट्ट्या तारप्याच्या सुरालाच भिडतात. ‘घूं’सोबत मामाही थोडा कापला जातो.

त्या खटपटीत एक गोष्ट वाचली. विजेच्या गुणगुणीची वारंवारता नेमकी पन्नास नसते, मागणीप्रमाणे किंचित खालीवर होते. आपल्याकडे ४९.९० ते ५०.०५ ही मर्यादा ठरवलेली आहे. ३१ डिसेंबर २०१३ला रायचूर–सोलापूर लाइन जोडली गेली आणि सगळ्या देशाचं ग्रिड एक झालं, तेव्हापासून हा हेलकावा देशभर एकच असतो. त्यामुळे एखादं रेकॉर्डिंग कधीचं आहे हे त्यातल्या गुणगुणीवरून शोधता येतं, गुन्ह्यांच्या तपासात हे तंत्र वापरतात. म्हणजे मामा वाजवत होता ती चाळीस मिनिटं त्या ‘घूं’मध्ये नोंदलेली आहेत. तेवढ्याने ती मला आवडायला लागली असं नाही. अजूनही खटकते. पण आता मी दोन्ही फाइली ठेवल्यात, आणि ऐकतो ती न कापलेली.

माझा पॉवर सप्लाय मी जुन्या वस्तूंमध्ये विकायला काढला. जाहिरातीत काय लिहायचं यावर बराच वेळ गेला. शेवटी लिहिलं: ‘चालू स्थितीत. व्होल्टेज बरोबर आहे. मला आवाजात फरक ऐकू आला नाही.’ बहीण म्हणाली, “असं लिहिल्यावर कोण घेणार?” दोन महिने कुणी घेतला नाही. मग एकाने अर्ध्या किमतीत घेतला. मी विचारलं, कशाला लावणार? म्हणाला, “डॅकलाच. तुमचे कान वेगळे, माझे वेगळे.”

मी त्याला नाण्याचं सांगितलं. सोळा वेळा, पाठ करून, दुसऱ्या कुणाला तरी बदलायला लावून. करून पाहतो म्हणाला. त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही.